तारलीने अडवलेलं बंदर

फ्रान्समधल्या मार्सेयला पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या मादामनी मला जिन्यात गाठलं आणि सांगितलं, की या गावाचं बंदर एकदा एका तारलीने अडवलं होतं. लेक मध्ये उभी राहून भाषांतर करत होती. मला वाटलं, तिचंच काहीतरी चुकतंय. मी तिला पुन्हा विचारायला लावलं. मादामनी पुन्हा तेच सांगितलं, या खेपेला दोन्ही हात फाकवून. तारली बंदराच्या तोंडात आडवी पडली. गलबतं आत येईनात की बाहेर जाईनात.

मी मालवणची. तारली काय ते मला कुणी सांगायला नको. वीतभर मासा, आला की ढिगाने येतो, बाजारात वाटे लावून विकतात, तिरफळं घालून तिखलं केलं की दोन घास जास्त जातात. त्या माशाने बंदर अडवायचं म्हणजे मुंगीने आंबोली घाट बंद पाडण्यातला प्रकार. त्यात माझी एकतीस वर्षं हिशेबतपासणीत गेलेली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण कुणी काही सांगितलं की डोक्यात अजून तोच प्रश्न आधी उठतो: व्हाउचर कुठाय?

"आई, त्या मस्करी करतायत," लेक वर आल्यावर म्हणाली. "इथे असंच बोलतात. गालेजाद म्हणतात त्याला."

गालेजाद. लोणकढी थाप. फरक एवढाच, की ती मारणारा चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू देत नाही आणि ऐकणाऱ्याने ती थाप आहे हे ओळखायचं, पण तसं बोलून दाखवायचं नाही. ऐकल्याबरोबर मला आमच्या 'गजाली' आठवल्या. गजाल आणि गालेजाद. शब्दांचं नातं काही नाही, नुसता कानाचा योगायोग. पण पारावर बसून गजाली मारणारे आमचे आबा या गावात दुसऱ्या दिवशी रुळले असते याबद्दल मला शंका नाही.

लेक तिथे संशोधन करते. मी डिसेंबर ते फेब्रुवारी तिच्याकडे होते. ती सकाळी जायची, मग मी आणि अख्खं गाव. थंडी असायचीच, शिवाय उत्तरेकडून मिस्त्राल नावाचं वारं सुटलं की छत्री, टोपी आणि तोल या तीन गोष्टी एकदम सांभाळाव्या लागायच्या. मी रोज उतरून जुन्या बंदरावर जायची, कारण तिथे सकाळी मासळी येते. मोठा बाजार नाही. धक्क्यावर निळसर पेट्यांची एक रांग, पाणी मारलेली, मागे कोळिणी. आवाज अगदी आपल्याकडचा. भाषा कळत नसली तरी "काल नाही, आज पहाटेचे" हे कळतंच. एके दिवशी पेटीत तारल्यांच्या जातभाई दिसल्या. मी मोबाईलवर वाक्य जुळवून विचारलं, बंदर अडवलं ते हिनेच का? कोळीण हसलीसुद्धा नाही. पेटीकडे बघत म्हणाली, "छे! ती मोठी होती."

तेव्हा मी ठरवलं, की या प्रकरणाची तपासणी करायची.

आणि सांगायला थोडी लाज वाटते, पण व्हाउचर निघालं. वर पाँडिचेरीचा शिक्का.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स उतरला, त्याची झळ थेट कोरोमंडलच्या किनाऱ्याला लागली. १० ऑगस्ट १७७८ रोजी पाँडिचेरीसमोरच्या समुद्रात इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची चकमक झाली. फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या नौकांत एक होती 'सार्तिन'. फ्रान्सच्या नौदलमंत्र्याचं नाव आंत्वान द सार्तिन, त्याच्यावरून ठेवलेलं. साहेबाचं नाव वस्तूला देण्याची हौस तेव्हाही होती. त्याच महिन्यात ती इंग्रजांच्या हाती लागली, ऑक्टोबरात पाँडिचेरीही पडलं. पुढे कैद्यांच्या अदलाबदलीचं ठरलं, तेव्हा पाँडिचेरीचे फ्रेंच कैदी मायदेशी पोचवायला हीच नौका दिली. त्या कैद्यांत बारास नावाचा एक तरुण अधिकारी होता. क्रांतीनंतर फ्रान्सचा कारभार पाच जणांच्या मंडळाकडे गेला, त्या पाचांतला एक तो हाच.

आता अशा नौकेवर कुणी तोफ डागू नये असा नियम. पण १ मे १७८० रोजी, पोर्तुगालच्या टोकाजवळ, ५० तोफांच्या 'रोमनी' या इंग्रज युद्धनौकेने निशाणाच्या घोळातून हिच्यावर मारा केला. कप्तान ठार झाला. कप्तानाविना, मोडकी, कशीबशी जिब्राल्टर ओलांडून ती १९ मे रोजी मार्सेयला पोचली. म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून अर्धी पृथ्वी पालथी केली, आणि दारात येऊन पाय मोडला. जुन्या बंदराचं तोंड दोन किल्ल्यांच्या मध्ये चिंचोळं आहे. त्या वाटेतच ती बसली. वाहतूक ठप्प.

सार्तिनने बंदर अडवलं. फ्रेंचमध्ये तारलीला म्हणतात सार्दिन. बाकी काम एका अक्षराने केलं.

मी ते धक्क्यावरच्या बाकावर बसून वाचलं आणि समोरच्या दोन किल्ल्यांकडे पुन्हा पाहिलं. उजवीकडचा सेंट जाँ, डावीकडचा सेंट निकोला. दुसरा चौदाव्या लुईने बांधून घेतला, आणि त्याच्या तोफांची तोंडं समुद्राइतकीच गावाकडेही होती, कारण गावकऱ्यांनी बंड केलं होतं. या तोंडावर पूर्वी साखळी असायची, रात्री ओढून बंदर बंद करायची. ती साखळी १४२३ साली आरागॉनच्या राजाने गाव लुटलं तेव्हा उचलून नेली. आजही ती स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलात भिंतीवर टांगलेली आहे. म्हणजे कुलूप चोरीला गेलेलं गाव. अशा गावाच्या दाराशी तारली अडकली तर नवल ते काय.

मादामना मी हा सगळा तपशील सांगितला, लेकीकरवी, तारखांसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "पोशेर, केवढी मेहनत घेतलीस." पोशेर म्हणजे अगं बिचारे. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या अहवालाला इतका नेमका शेरा कुणी दिला नव्हता.

त्यानंतर त्या मला मुद्दाम एकेक गोष्ट सोडायला लागल्या, मांजराला दोरा दाखवावा तशी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसायची आणि त्यात इफ नावाचं बेट. तिथे किल्ला आहे, पुढे तुरुंग झाला, पर्यटक होड्या भरभरून जातात. मादामनी बेटाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "तिथे तुमचा गेंडा उतरला होता."

आमचा गेंडा! मी लेकीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले.

यालाही पावती होती, आणि ती गोव्यातून फाटलेली.

गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क, त्याला दीवला किल्ला बांधायचा होता. त्याने गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा याच्याकडे वकील पाठवले. सुलतानाने परवानगी काही दिली नाही, त्याऐवजी गेंडा दिला. मागितलं काय नि मिळालं काय. अल्बुकर्कने तो काय करायचा म्हणून पोर्तुगालच्या राजाला पाठवून दिला. सरकारी कचेऱ्यांत नको असलेली फाईल अशीच वरच्या टेबलाकडे जाते. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाज सुटलं, बरोबर गेंड्याचा रखवालदारही होता. २० मे रोजी लिस्बन. युरोपात शेकडो वर्षांत कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावायची ठरवली, तर हत्तीने नुसता पाहिला आणि धूम ठोकली. गुजरातीतला गेंडो पोर्तुगीजांच्या तोंडी 'गांडा' झाला, आणि युरोपभर त्याचं नाव तेच चाललं. एक वर्णन आणि एक कच्चं रेखाटन जर्मनीत ड्यूरर नावाच्या चित्रकाराच्या हाती पडलं. त्याने गेंडा न बघताच लाकडावर कोरला, अंगावर चिलखताचे पत्रे आणि पाठीवर एक जास्तीचं छोटं शिंग. पुढची कित्येक शतकं युरोप त्याच गेंड्याला खरा गेंडा समजत राहिला. गालेजाद काय फक्त मार्सेयकरच मारतात?

मग पोर्तुगालच्या राजाने तो पोपला नजर करायचा ठरवला. गळ्यात हिरव्या मखमलीचा पट्टा बांधून डिसेंबरात पुन्हा जहाजावर. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा त्या वेळी प्रोव्हान्समध्ये, म्हणजे मार्सेयच्याच मुलखात होता. त्याने बघायची इच्छा दाखवली, म्हणून २४ जानेवारी १५१६ रोजी मार्सेयसमोरच्या बेटावर गेंडा उतरवला. राजाने गेंडा पाहिला. मार्सेयकर पुढे असंही सांगतात, की त्याने गेंड्याबरोबर बेटही नीट पाहून घेतलं, आणि इथे किल्ला हवा हे त्याच्या मनात तेव्हाच आलं. किल्ला १५२४ला सुरू झाला हे खरं. दीवच्या किल्ल्याच्या बदल्यात मिळालेल्या गेंड्यापायी मार्सेयला किल्ला झाला, असा हिशेब मांडायचा मोह मला झाला होता, पण तो मी खर्ची टाकणार नाही.

गेंडा रोमला पोचलाच नाही. इटलीच्या किनाऱ्याशी वादळात जहाज फुटलं. गेंडे चांगले पोहतात. पण हा साखळदंडाने जखडलेला होता.

त्या दिवशी मादामनी मला बडीशेपेच्या वासाचं पेय पाजलं, पाणी घातलं की दुधासारखं पांढरं होतं ते. आणि जिराफाची गोष्टही उरकून घेतली. इजिप्तच्या महंमद अलीने फ्रान्सच्या राजाला जिराफ पाठवला, १८२६च्या ऑक्टोबरअखेर तो मार्सेयला उतरला, हिवाळाभर तिथेच राहिला, आणि २० मे १८२७ला पॅरिसला निघाला. चालत. ४१ दिवस. पुढे दूध देणाऱ्या गायी, अंगात पावसाचा डगला, बाजूने एक नामवंत प्राणिशास्त्रज्ञ. मी यावर काही विचारलं नाही. तारली आणि गेंड्यानंतर जिराफाची पावती मागणं बरं दिसलं नसतं. (घरी जाऊन पाहिलं. खरं आहे. डगल्यासकट.)

डिसेंबरच्या ४ तारखेला मादामनी दार वाजवलं. हातात तीन बशा. प्रत्येकीत ओला कापूस आणि त्यावर गव्हाचे दाणे. त्या दिवशी संत बार्बची तिथी असते, प्रोव्हान्सभर घरोघरी असे गहू घालतात. नाताळपर्यंत तरारून आले, सरळ हिरवेगार उभे राहिले, तर वर्ष चांगलं. पिवळे पडले, बुरशी आली, तर सांभाळून. मी बशी हातात घेतली आणि क्षणभर मला कळेना मी कुठे आहे. घरी घटस्थापनेला परडीत माती घालून हेच. नऊ दिवस रोज सकाळी सगळ्यांत आधी घटाकडे बघायचं, यंदा किती वीत आलं. आईला गहू थोडा जरी विरळ दिसला तरी ती कुणाला बोलून दाखवायची नाही, फक्त पाणी जरा जपून घालायची.

मादामनी एक बशी मला दिली. मी ती खिडकीत ठेवली. सहाव्या दिवशी पांढरे कोंब, दहाव्या दिवशी बोटभर हिरवं. मादाम रोज येऊन बघायच्या, आणि त्यांच्या दोन बश्यांपेक्षा माझा गहू उंच आहे हे दिसल्यावर दोन दिवस आल्या नाहीत. नाताळच्या आदल्या दिवशी आल्या, लाल रिबीन घेऊन. पेंढीला बांधतात तशी गव्हाला कमरेतून बांधली आणि म्हणाल्या, भारतीय हाताला पाण्याचा अंदाज चांगला आहे. मी त्यांना घटाबद्दल सांगितलं. नऊ दिवसांत येतो म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी पहिल्या दिवशी जिन्यात त्यांच्याकडे टाकली होती.

त्यांच्या दिवाणखान्यात टेबलभर गाव मांडलेलं होतं. मातीच्या बाहुल्या, सांतों म्हणतात, म्हणजे छोटे संत. पण संत त्यात तीन-चारच. बाकी कोळीण, पाववाला, चाकूला धार लावणारा, गाढवावरून पोती नेणारा गिरणीवाला, डोक्यावर टोपली घेतलेली म्हातारी. क्रांतीच्या काळात चर्च बंद झाली, तिथले येशूजन्माचे देखावे बंद झाले, लोकांनी ते घरात मांडायला घेतले. आणि लान्येल नावाच्या मार्सेयच्या कारागिराने साच्यातून स्वस्तातल्या मातीच्या मूर्ती काढल्या. १८०३पासून त्यांची जत्रा भरते, अजून भरते. खरं सांगू? मला येशूच्या गोठ्याआधी दिवाळीचा किल्लाच आठवला. वर सिंहासनावर महाराज, आणि खाली गवळण, वासुदेव, भाजीवाली, दळण दळणारी बाई, एक विनाकारण वाघ. सगळ्यांची मापं वेगवेगळी. मादामच्या गावातही कोळीण गाढवाहून मोठी होती.

त्यात एक बाहुला दोन्ही हात आभाळाकडे फेकून उभा होता. त्याला रावी म्हणतात, गावचा भोळा. सगळे काही ना काही घेऊन आलेत, कुणी मासे, कुणी पाव. हा रिकाम्या हातांनी आला आहे, त्याला नुसता आनंद झालाय. मादाम टेबल झाडताना सगळ्यांना बाजूला सारायच्या, याला मात्र आधी उचलून दुसऱ्या हातात धरायच्या.

या गावाची सुरुवातही गोष्टीतच आहे. इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास आशिया मायनरमधल्या फोकाया गावचे ग्रीक दर्यावर्दी इथे आले, नेमके राजकन्येच्या स्वयंवराच्या दिवशी. जिप्तिसने पाण्याचा प्याला ज्याच्या हाती द्यायचा तो नवरा. तिने जमलेल्या सगळ्यांना वगळून तो परक्या प्रोतिसला दिला. आंदण म्हणून मिळाली ती ही खाडी. माळेऐवजी प्याला, एवढाच बदल.

एका गोष्टीत मात्र मादामचा आवाज उतरला. आम्ही दोघी मोठ्या कॅथेड्रलजवळच्या गच्चीवर, तूरेतला उभ्या होतो, समोर सगळा समुद्र. १७२०च्या सप्टेंबरात या जागी प्रेतांचा खच होता.

मे महिन्यात 'ग्राँ सेंट आंत्वान' नावाचं जहाज पूर्वेच्या बंदरांतून कापड भरून आलं होतं. वाटेत माणसं मेली होती. अशी जहाजं लांबच्या बेटावर महिनोन्‌महिने अडकवून ठेवायची, हा नियम मार्सेयला युरोपातल्या कुठल्याही बंदराइतका चोख पाळला जायचा. पण जुलैत बोकेरची मोठी जत्रा होती, माल तिथे पोचायला हवा होता, आणि मालात गावच्या बड्या मंडळींचे पैसे होते. नगराचा पहिला कारभारी एस्तेल यांचाही वाटा होता. कापड उतरवलं गेलं. जहाज ज्या बंदरातून निघालं तिथे साथ नाही, असा स्वच्छ दाखला कप्तानाकडे होता. अशा दाखल्याला 'पातांत नेत' म्हणत. सायदाहून निघतानाचा तो दाखला, सही-शिक्क्यासकट.

जूनमध्ये गावात पहिला बळी गेला. सुमारे नव्वद हजार वस्तीच्या गावातली जवळजवळ निम्मी माणसं प्लेगने गेली.

मी तो दाखल्याचा तपशील दोनदा वाचला. व्हाउचर होतं. सगळी व्हाउचरं होती. माझ्याकडे ती फाईल आली असती तर मी हिरव्या शाईत टिकमार्क करून पुढे पाठवली असती. जिन्यात ऐकलेल्या तारलीला मात्र मी तीन आठवडे पुरावा मागत बसले होते.

कप्तान शातो याला इफच्या तुरुंगात टाकलं. जहाज जाळलं. साथ पुन्हा उलटली तेव्हा १७२२ साली कारभाऱ्यांनी नवस बोलला, की दर वर्षी येशूच्या पवित्र हृदयाच्या सणाला चार पौंडांची पांढऱ्या मेणाची मेणबत्ती वाहू. ती आजही वाहतात. वाहतं कोण, तर व्यापाऱ्यांचं मंडळ, चेंबर ऑफ कॉमर्स. मला हे फार मार्मिक वाटतं. मादामना विचारलं तर म्हणाल्या, "मग काय कोळिणींनी वाहायची?"

नवसाला हे गाव कमी नाही. टेकडीवर नोत्र दाम द ला गार्द आहे, कळसावर सोन्याचा मुलामा दिलेली ११ मीटरची मेरी, तिला सगळे 'बोन मेर' म्हणतात, चांगली आई. आत छताला लहान लहान गलबतं टांगलेली, भिंतीवर बुडणाऱ्या जहाजांची चित्रं, खाली तारीख आणि 'मेर्सी'. वाचलेल्यांनी आणून लावलेली. न वाचलेल्यांच्या चित्रांसाठी भिंत कुठे असते, हा मनात आलेला प्रश्न मी तिथेच ठेवून खाली उतरले.

आता जे सांगायचं ते सांगते. मार्सेयला जाणार म्हटल्यावर मला माझ्या वयाच्या प्रत्येक माणसाने एकच गोष्ट विचारली होती. मार्सेलिस? म्हणजे सावरकरांची उडी? आमच्या शाळेच्या गॅदरिंगला ती दर वर्षी असायची. स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी नायलॉनची साडी, दोन बाजूंना दोन मुली खाली बसून ती जोरजोरात हलवायच्या. स्टुलावरून मुलगा उडी मारायचा आणि साडीमागून हात मारत मारत जायचा. विंगेतून फटाके म्हणजे गोळ्या. सहावी ते आठवी, डाव्या बाजूची साडी माझ्याकडे होती. माझ्या डोक्यात त्यामुळे अथांग समुद्र, आणि लाटा पुरुषभर.

मी लेकीबरोबर मोठ्या बंदराच्या बाजूला गेले. तिथे आता क्रूझ जहाजं लागतात, कुंपणं आहेत, फार आत जाता येत नाही. 'मोरिया' बोट ७ जुलै १९१०च्या संध्याकाळी मार्सेयला लागली. ८ तारखेच्या सकाळी सावरकर संडासाच्या पोर्टहोलमधून अंग काढून पाण्यात पडले, पोहून धक्क्यावर चढले आणि पळत सुटले. किनाऱ्यावरच्या पेस्किए नावाच्या फ्रेंच हवालदाराने त्यांना धरलं, बोटीवरून मागे धावत आलेल्या तिघांनी त्याला हात दिला, आणि काही मिनिटांत ते परत बोटीवर. फ्रान्सने मग हरकत घेतली, आमच्या भूमीवरून तुम्ही माणूस नेलात कसा. खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११चा निवाडा: पकडून परत देण्यात नियमभंग झाला, पण म्हणून त्यांना फ्रान्सच्या ताब्यात द्यायला इंग्लंड बांधील नाही. तो हवालदार ओळखत नव्हता हा कोण आहे. बोटीवरचाच कुणी गुन्हा करून पळतोय असं त्याला वाटलं असेल, अशीही नोंद निवाड्यात आहे.

पाणी बंदरातलं. सकाळ. धक्का समोर. मी कुंपणाच्या जाळीतून त्या तेलकट, सपाट पाण्याकडे बघत राहिले. एक लाट नव्हती. उडी लहान झाली असं मला वाटलं नाही. उलट पोर्टहोल केवढं असतं ते शेजारच्या जुन्या बोटीवर पाहिलं तेव्हा छातीत धस्स झालं. पण माझी साडी तिथे कुठेच बसेना.

संध्याकाळी मादामना ती गोष्ट सांगितली. तारखा, पेस्किए, हेग, सगळं. या वेळी त्या 'पोशेर' म्हणाल्या नाहीत. दोन प्रश्न विचारले: तो पोहला किती, आणि त्याच्या आईला कळलं का. मी म्हटलं, पोहला थोडंच. आई लहानपणीच गेली होती. त्या बराच वेळ गप्प होत्या.

२ फेब्रुवारीला शांदलर. मेणबत्त्यांचा सण. आम्ही तिघी पहाटे अंधारात निघालो. जुन्या बंदरावरून सेंट व्हिक्टरच्या मठाकडे मिरवणूक चढत जाते, सगळ्यांच्या हातात हिरव्या मेणबत्त्या. मठाच्या तळघरातली काळी मेरी त्या दिवसापुरती वर येते, अक्रोडाच्या लाकडाची, वयाने काळवंडलेली, अंगावर हिरवं वस्त्र. गर्दीत कुणाची तरी मेणबत्ती वाऱ्याने विझायची आणि शेजारचा न सांगता आपली तिरकी करायचा. दिंडीत पाणी पुढे सरकावं तसं. पूजा झाल्यावर आर्चबिशप खाली रस्त्यावरच्या भट्टीला आशीर्वाद द्यायला जातात. ही बेकरी १७८१पासून तिथे आहे, ती 'सार्तिन' बुडाली त्याच्या पुढच्याच वर्षीपासून. तिथे नाव्हेत मिळतात: होडीच्या आकाराची बिस्किटं, मध्ये लांब चीर, नारिंगाच्या फुलांच्या पाण्याचा वास, आणि दात सांभाळून खावी अशी कडक. मेरी मॅग्दलिन आणि मंडळी पॅलेस्टाईनहून होडीतून या किनाऱ्याला लागली, ती ही होडी, असं सांगतात. एक खायची नसते. ती कपाटात ठेवायची, मेणबत्तीशेजारी, पुढच्या वर्षीपर्यंत घराची राखण करायला.

रांग मोठी होती. आमच्या पुढे मादामच्या ओळखीच्या दोघी होत्या. मादामनी मला पुढे ओढलं, ओळख करून दिली, आणि मग त्या काहीतरी सांगायला लागल्या. एव्हाना मला फ्रेंच अर्धंमुर्धं कळायला लागलं होतं. इंग्रज, बोट, भारतीय. मग 'इफ' ऐकू आलं. मी लेकीकडे पाहिलं. ती हसू दाबत होती.

"आई, त्या म्हणतायत, तो इफ बेटापासून पोहत आला. हातात बेड्या होत्या. मागून गोळीबार चालला होता."

"अगं पण..."

"सांगू का त्यांना? बंदरात होती बोट म्हणून?"

त्या दोघींपैकी एकीने तोंडावर हात ठेवला होता. दुसरीने मेणबत्ती छातीशी धरली होती. तिने माझ्याकडे वळून विचारलं. हे मला लेकीशिवाय कळलं. समुद्र कसा होता त्या दिवशी?

मादाम माझ्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

मी मेणबत्ती लेकीच्या हातात दिली. दोन्ही मुठींत नसलेल्या साडीचं टोक घट्ट पकडलं, डाव्या बाजूचं, आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून हलवलं.